पतंगाला आभाळ हवे आणि दोरही हवा



*या महिन्याचा अभ्यासविषय:* प्रमुखाने गटात कसे वातावरण ठेवावे, म्हणजे माणसांना नवे सुचेल आणि सुचलेले बोलून दाखवता येईल?

विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या, "हे ऑफिसातल्या साहेबांचे काम, आपल्याला काय त्याचे?" पण थोडा विचार करू या. चवथीची तयारी हाताखाली घेणारी काकी प्रमुखच असते. महाप्रसादाचा स्वयंपाक सांभाळणारी मावशी, बालवर्ग घेणारी ताई, बचतगटाची अध्यक्ष, देवस्थान समितीवरचे काका, भजनी मंडळाचे बुवा, ही सगळी प्रमुखच. चार माणसे ज्याच्या शब्दाकडे बघतात तो प्रमुख. म्हणजे आपल्यातला जवळजवळ प्रत्येक जण कुठे ना कुठे प्रमुख आहे.

आता एक गोष्ट आठवा, आपण सगळ्यांनीच पाहिलेली. बैठक संपत आलेली असते. प्रमुख विचारतात, "कोणाला काही सुचवायचे आहे का?" सगळे मान हलवतात. नाही, सगळे छान आहे. मग मंडळी बाहेर येतात, चपला शोधतात आणि तिथे सुरू होते, "खरे म्हणजे पंगत दोन बाजूंनी वाढली असती तर अर्धा वेळ वाचला असता." "मुलांना गोष्ट सांगण्यापेक्षा करून दाखवायला दिली असती तर ती रमली असती." एकाहून एक चांगल्या कल्पना, आणि सगळ्या चपलांपाशी!

जे चपलांपाशी सुचते ते सतरंजीवर का बोलले जात नाही? आजचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाचा आहे.

*आमोण्याच्या पुलापलीकडचा माणूस*

उदाहरण लांबून आणायला नको. आपल्या डिचोली तालुक्यातून आमोण्याचा पूल ओलांडला की खांडोळा आणि त्याला लागून माशेल. या माशेलात १ जानेवारी १९४३ रोजी डॉ. रघुनाथ माशेलकरांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई अंजनीताईंनी मुंबईत गिरगावात राहून पडेल ते काम करून मुलाला शिकवले. बाराव्या वर्षापर्यंत पायात चप्पल नव्हती, अभ्यास रस्त्याच्या दिव्याखाली. हा भाग आपल्याला बहुतेक ठाऊक असतो, मुलांना आपण तो सांगतोही. पण हे डॉक्टर पुढे प्रमुख झाले तेव्हा त्यांनी माणसांना कसे वागवले, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. आपल्याला आज तोच पाहायचा आहे.

१९८९ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. तिथे शास्त्रज्ञ हुशारच होते. पण बरेचसे काम असे चाले, की परदेशात जे तयार झाले आहे ते आपल्याकडे कसे बनवता येईल ते शोधायचे. त्यात धोका कमी. फसले तरी कोणी बोट दाखवत नाही, कारण वाट दुसऱ्याने आधी मळलेली असते. नवी वाट काढणाऱ्याला मात्र फसण्याची भीती, आणि फसला तर "सरकारचा पैसा वाया घालवला" हा शिक्का.

यावर डॉ. माशेलकरांनी एक साधी गोष्ट केली. पतंग उडवण्यासाठी म्हणून वेगळा निधी ठेवला. त्याचे नावच तसे, पतंगाचा निधी! ज्या कल्पनेला यश मिळण्याची शक्यता हजारात एक आहे, पण मिळाले तर ते मोठे असेल, अशा कल्पनेसाठी हा पैसा. पुढे १९९५ मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. देशभरातल्या सुमारे चाळीस प्रयोगशाळा तिच्या हाताखाली. तिथेही त्यांनी नव्या कल्पनांसाठी असाच निधी ठेवला.

यात शहाणपण कुठे आहे बघा. त्यांनी "सगळ्यांनी धाडसी व्हा" असे नुसते भाषण केले नाही. धाडसाला वेगळी जागा आणि वेगळा पैसा दिला. घरात आपण कसे, महिन्याचा किराणा, फी, औषधपाणी बाजूला काढतो आणि मग म्हणतो, या उरलेल्या पाचशे रुपयांत काय हवे ते करून बघ. पतंग कटला तरी घर चालते. आणि देणाऱ्याला हजारात एक ही शक्यता आधीच ठाऊक असल्यामुळे फसणाऱ्याला नंतर जाब विचारण्याचा प्रश्नच येत नाही. भीती निघून जावी म्हणून नुसता धीर दिला नाही, तर भीतीचे कारणच काढून टाकले.

१९९० च्या दशकात याच पुण्याच्या प्रयोगशाळेने प्लास्टिकच्या क्षेत्रातले आपले पेटंट अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीला वापरायला दिले. जिथे परदेशातले तंत्र इकडे कसे बनवावे हे शोधले जाई, तिथून तंत्र तिकडे जाऊ लागले. माणसे बरीचशी तीच होती. वातावरण बदलले होते.

*हळदीची गोष्ट*

दुसरे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. कशाचे? जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे! विळीवर बोट कापले की आपली आज्जी जे करायची त्याचे. आपल्या संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

यात आपल्या विषयाचा धडा आहे. "आमची आज्जी लावायची" हे सांगून तिथे चालत नव्हते, लेखी पुरावा लागत होता. मग संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले जुने ग्रंथ आणि शोधनिबंध मिळून ३२ संदर्भ गोळा केले गेले. काही तर शंभर वर्षांहून जुने. हे काम एकट्या रसायनशास्त्रज्ञाचे नाही आणि एकट्या वकिलाचेही नाही. जुनी पोथी वाचणारा, प्रयोग समजणारा आणि कायदा जाणणारा अशी निरनिराळी माणसे एका कामाला लागली तेव्हाच ते साधले.

पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश उभा करायला घेतला, तेव्हा हीच रीत पक्की झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध जाणणारे, पेटंट तपासणारे आणि संगणकवाले एकत्र बसले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडली, म्हणजे तिकडच्या पेटंट अधिकाऱ्याला ती वाचता यावी.

म्हणजे नवे सुचायला सगळे एकाच साच्याचे लोक नकोत. आपल्या सेवेत आपण काय करतो? ज्याचा आवाज मोठा, ज्याला सगळे ओळखतात, त्यालाच विचारतो. कोपऱ्यात बसलेली, नुकतीच लग्न होऊन आलेली सून, दहावीतला मुलगा, भांडी घासायला येणारी बाय, यांना कोणी विचारते का? कामातली नड तर त्यांनाच सगळ्यात आधी कळते.

*पेडण्याचा बोगदा*

तिसरे उदाहरण रेल्वेचे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग. नद्या, खाड्या, डोंगर आणि मुसळधार पाऊस. १९९० मध्ये ई. श्रीधरन या कामाचे प्रमुख झाले. त्यांनी सगळी सूत्रे एका टेबलावर ठेवली नाहीत. मार्गाचे सात भाग केले, प्रत्येक भागाला साधारण शंभर किलोमीटर आणि एक मुख्य अभियंता. जागेवरचे निर्णय जागेवर. मुंबईहून फाईल परत येईपर्यंत थांबायचे नाही. त्याच वेळी कचेऱ्यांतून उलटे मोजणारी घड्याळे लावली, काम संपायला किती दिवस उरले ते दाखवणारी. हात मोकळे, पण तारीख सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

या मोकळीकीतून काय काय झाले पाहा. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल जमिनीपासून ६४ मीटर उंच. तिथे पुलाचा एकेक तुकडा काठावर तयार करून पुढे पुढे सरकवत नेण्याची रीत वापरली, जी भारतात रेल्वेला नवी होती. पुढे २६ जानेवारी १९९९ पासून भरलेले ट्रक तसेच्या तसे रेल्वेवर चढवून कोलाड ते वेर्णा नेण्याची सेवा सुरू झाली. घाटात ट्रकवाल्यांचे काय हाल होतात हे ज्याने पाहिले असेल त्यालाच असे काही सुचणार.

आणि मग आपला पेडण्याचा बोगदा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. याच मार्गावरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, पण पेडण्याने सगळ्यांना दमवले. आत खडक नाही, पाणी धरणारी मऊ माती. खणावे आणि ढासळावे. यंत्रापेक्षा माणसाच्या हाताने इंच इंच पुढे जावे लागले. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर गाडी सुरू झाली. या मार्गासाठी अनेक कामगारांनी प्राण दिले, हे गाडीत बसताना आपण विसरू नये.

पेडण्यातून शिकायचे ते हे, की जी युक्ती करबुड्याला चालली ती पेडण्याला चालत नाही. गेल्या वर्षी चालले म्हणून यंदाही तसेच, हे मातीला मान्य नसते आणि माणसांनाही. ज्याचा हात मातीत आहे त्याला ती कळते. त्याचे ऐकायला वर कोणीतरी हवे.

*दोर कशासाठी?*

इथे एक शंका रास्त आहे. सगळ्यांना मोकळे सोडले तर गोंधळ होणार नाही का? होईल. म्हणून पतंगाला दोर.

मडगावची स्कायबस आठवते का? खाली लटकून धावणारी, नव्या कल्पनेची गाडी, कोकण रेल्वेचीच. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीच्या वेळी अपघात झाला आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. ती गाडी लोकांसाठी कधी धावलीच नाही, पुढे तिचे खांबही उतरवले. याचा अर्थ नवे काही करू नये असा नाही. याच संस्थेची ट्रक नेणारी गाडी चाललीच ना. अर्थ इतकाच, की ज्यात पैसा किंवा वेळ जाण्याचा धोका आहे तिथे प्रमुखाने मन मोठे करावे, पण ज्यात माणसाचा जीव जाण्याचा धोका आहे तिथे हात आखडता घ्यावा. पतंग मोकळ्या माळावर उडवायचा, विजेच्या तारांखाली नाही.

शाळेत असताना डॉ. माशेलकरांना भावे सरांनी उन्हात नेऊन भिंगाने कागद पेटवून दाखवला होता. किरण एका ठिकाणी आणले तर काहीही पेटवता येते, असे सरांनी समजावले. डॉक्टर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. गटालाही हेच लागू आहे. काय साधायचे आहे ते प्रमुखाने नेमके सांगावे, कसे साधायचे ते गटावर सोडावे. आपण बरेचदा उलटे करतो. कसे करायचे ते बारीक बारीक सांगतो आणि कशासाठी ते सांगायचेच राहते.

*चांगल्या गटात चुका जास्त?*

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. औषध देताना कोणत्या गटात किती चुका होतात ते पाहायचे होते. त्यांना वाटले, चांगल्या गटात चुका कमी सापडतील. सापडल्या जास्त! नीट पाहिल्यावर उलगडा झाला. चांगल्या गटात चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलल्या जात होत्या. जिथे प्रमुखाची भीती, तिथे चूक पदराआड जायची आणि रुग्णाला भोगावी लागायची.

म्हणून ज्या घरात, ज्या सेवेत "आमच्याकडे कधी काही चुकत नाही", तिथे जरा थांबून विचारावे. चुकत नाही, की कोणी सांगत नाही? आणि जिथे चूक सांगता येत नाही तिथे नवी कल्पनाही सांगता येत नाही. दोन्ही एकाच दाराने आत येतात.

*शिरगावात हे का महत्त्वाचे*

आपल्या गावासाठी हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. भाविकांचे जीव गेले, अनेक जण जखमी झाले. तो दिवस इथल्या कोणालाही विसरता येणार नाही. दोष कोणाचा, हे ठरवायला आपण बसलेलो नाही. पण पुढच्या प्रत्येक जत्रेसाठी एवढे आपण धरून ठेवू या. उतारावर उभा असलेला पोर, पाणी वाटणारी बाई, दुकान मांडलेला माणूस, व्रत धरलेला धोंड, या प्रत्येकाला काहीतरी दिसत असते. गर्दी कुठे अडते, दिवा कुठे कमी पडतो, आत येणारे आणि बाहेर जाणारे कुठे एकमेकांवर येतात. त्याला ते सांगायला जागा आहे का? आणि त्याने सांगितले तर "तू कोण शहाणा?" असे तर कोणी म्हणणार नाही ना? इथे ऐकून घेण्याने जीव वाचू शकतो.

दुसरी गोष्ट पोटापाण्याची. डिचोली तालुक्यातल्या किती घरांची चूल खाणींवर चालत होती हे आपण जाणतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले. तेव्हापासून घरोघरची मुले काही ना काही सुचवत आहेत. कोणी कुळागर दाखवायला पाहुणे आणू म्हणतो, कोणी आईचे मसाले आणि कोकम बाहेर पाठवू म्हणते. यातले सगळे चालेल असे नाही. पण "हे आपले काम नव्हे" एवढ्या एका वाक्यावर किती पतंग जमिनीवरच फाटले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मग तीच मुले पुण्याला, बेंगळुरूला जातात आणि तिथे परक्यासाठी कल्पना लढवतात. आपण म्हणतो, गावात राहिली नाहीत. राहायला नुसते घर पुरत नाही, बोलायला जागा लागते.

*घरी आणि सेवेत करून पाहण्यासाठी*

१. *प्रमुखाने शेवटी बोलावे.* वडीलधाऱ्याने आधी मत दिले की बाकीच्यांचे मत तिथेच मिटते. सगळ्यात लहानापासून सुरुवात करावी. घरात वडील, काका, आज्जी असतील तर त्यांनी मुद्दाम शेवटची पाळी घ्यावी. मान कमी होत नाही, वाढतो.

२. *"कोणाला काही सुचवायचे आहे का?" हा प्रश्न सोडावा.* त्याऐवजी एकेकाला नावाने विचारावे, "आजच्या कामात तुला अडचण कुठे आली?" अडचण सांगता सांगता उपाय आपोआप निघतो.

३. *नाही म्हणण्याआधी एकदा "कसे करशील?" विचारावे.* कल्पना कच्ची असेल तर सांगता सांगता ज्याची त्यालाच कळते. आपण तोडायची गरज पडत नाही.

४. *पतंगाचा वाटा ठेवावा.* चवथीचेच घ्या. माटोळी वर्षानुवर्षे ठरलेली असते. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळे, रानातली फळे. रीत मोडायची नाही. पण एक बाजू मुलांना द्यावी, तुम्ही शोधा, तुम्ही बांधा. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक फळे-फुले-वेलींतून काय काय घडवतात ते पाहिले, की परंपरेच्या चौकटीत किती आभाळ आहे ते कळते.

५. *फसले तर दोनच प्रश्न.* काय कळले? पुढच्या वेळी काय बदलू? "मी सांगत होते ना" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. टाटा समूहात तर प्रामाणिकपणे करून पाहिलेल्या पण फसलेल्या प्रयत्नालाही बक्षीस देतात. आपण बक्षीस नाही दिले तरी टोमणा तरी देऊ नये.

६. *श्रेय नावाने द्यावे.* "आम्ही यंदा असे केले" नको. "ही कल्पना अमक्याच्या मुलीची" असे सगळ्यांसमोर सांगावे. पुढच्या बैठकीत ती मुलगी आपणहून बोलेल.

७. *जिथे जिवाचा प्रश्न तिथे नियम पक्के.* गॅस, वीज, गर्दी, वाहन, विहीर. इथे प्रयोग नाही. मात्र धोका दिसला की लहानातल्या लहानानेही "थांबा" म्हणावे, आणि मोठ्यातल्या मोठ्याने थांबावे.

हे सगळे वाचून सोपे वाटते, करताना मात्र आतून काहीतरी टोचते. कारण प्रमुखाला सगळे ठाऊक असते, असे आपण स्वतःच मनात धरलेले असते. ते "मी" जरा बाजूला ठेवणे हीच यातली साधना. ऐकणे हे श्रवणच आहे, मग ते सत्संगात असो की स्वयंपाकघरात. समोरच्या लहानग्याच्या बोलण्यातही आपल्यासाठी काही असेल, या भावाने बसलो तर पुढचे बरेचसे आपोआप होते.

*कुटुंबात बसून चर्चा करण्यासाठी प्रश्न*

• गेल्या वर्षभरात आपल्या घरातल्या लहानाने सुचवलेली कोणती गोष्ट आपण करून पाहिली? आठवत नसेल तर का आठवत नाही?

• आपल्या घरात किंवा सेवेत सगळ्यात कमी कोण बोलते? त्यांना कोणता प्रश्न विचारता येईल?

• पुढच्या चवथीला किंवा जत्रेला पतंगाचा वाटा म्हणून आपण काय ठेवू?

रविवारी जेवणानंतर मोबाईल बाजूला ठेवून अर्धा तास बसावे. सुरुवात घरातल्या सगळ्यात लहान माणसापासून करावी. काय निघाले ते दोन ओळींत आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहावे, आणि ज्याने सुचवले त्याचे नाव पुढे घालावे. निवडक कल्पना पुढच्या महिन्याच्या बैठकीत सतरंजीवरच वाचून दाखवू.


शिरगाव अभ्यासगट